दारी दुसरा कुत्रा : भूतदया आणि दायित्व

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली मोकाट कुत्र्यांच्या प्रश्नावर जे आदेश दिले, त्यांची चर्चा देशभर झाली. ११ ऑगस्ट रोजी द्विसदस्य पीठाने दिल्ली व परिसरातील कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्य पीठाने तो आदेश बदलला. निर्बीजीकरण व लसीकरण केलेले कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे मात्र सोडू नयेत, असे या पीठाने ठरविले आणि प्रश्नाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत वाढविली. ७ नोव्हेंबर रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्रे हलविण्याचा आदेश आला. कुत्र्यांचे कैवारी आणि कुत्र्यांनी त्रस्त झालेले नागरिक यांच्यात प्रत्येक आदेशानंतर नवा वाद पेटला.

या वादाच्या धुरळ्यात २२ ऑगस्टच्या आदेशातील एक तरतूद बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ज्या प्राणिप्रेमी नागरिकांना रस्त्यावरील कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, त्या कुत्र्याला ओळखचिन्ह लावून तो अर्जदाराच्या स्वाधीन करण्यात यावा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, अशी ती तरतूद आहे. तिचा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कुत्रा घरी आणणे हे एका दिवसाचे काम. तो पुन्हा रस्त्यावर जाऊ न देणे हे दहा-बारा वर्षांचे.

असा अर्ज कोण करील? ज्याने जन्मात कुत्रा पाळलेला नाही तो सहसा करणार नाही. ज्याच्या घरी एक कुत्रा आधीच आहे, ज्याला त्याची भाषा कळते आणि जाता-येता रस्त्यावरच्या पिलापाशी ज्याचे पाऊल अडखळते, तोच बहुधा पुढे येईल. ‘दत्तक’ या शब्दाआड व्यवहारात उभा राहणारा प्रश्न म्हणूनच दुसऱ्या कुत्र्याचा आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तो विशेष जिव्हाळ्याचा ठरतो. येथे वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, परंतु अंगणाची सवय अद्याप सुटलेली नाही. साताऱ्यातील शिक्षक दांपत्य असो, मिरजेतील कारकून असो की कराडच्या वेशीवर घर बांधून राहिलेला निवृत्त जवान असो, दारात कुत्रा असणे यात कोणालाच नवल वाटत नाही. एक आहे, तेथे आणखी एक सहज सामावेल, हा विचार अशा घरांत सहज उद्भवतो. तो विचार वाटतो तितका सोपा नाही, आणि तो केवळ त्या घरापुरताही राहत नाही.

चार वाटा

दुसरा कुत्रा घरात येतो तो साधारणपणे चार वाटांनी. पहिली वाट एकटेपणाची. पतिपत्नी दोघेही नोकरीवर जातात, मुले शाळेत जातात, आणि कुत्रा दिवसभर जिन्याखाली किंवा सज्जात बांधलेला राहतो. तो भुंकतो, पायपुसणे फाडतो, शेजारी तक्रार करतात. त्याला सोबत हवी, असा निष्कर्ष मग काढला जातो. परंतु कुत्रा वाट पाहतो ती माणसाची. धनी गेल्यामुळे व्याकूळ होणारे जनावर दुसरे जनावर आणल्याने शांत होईलच असे नाही. पुष्कळदा नवा कुत्रा जुन्याचे पाहून भुंकावयास शिकतो आणि एकाच्या जागी दोघे भुंकू लागतात. ज्या घरात पहिल्या कुत्र्याला फिरविण्यास वेळ नाही, त्या घरात दुसऱ्याच्या वाट्याला त्याच अभावाचा निम्मा हिस्सा येतो. शून्याला दोहोंनी भागले तरी बाकी शून्यच.

यावर एक साधी परीक्षा आहे. दुसरा कुत्रा आणण्याचा विचार मनात आला की महिनाभर पहिल्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ नियमाने अर्धा-अर्धा तास फिरवून आणावे. तेवढा वेळ निघाला नाही, तर निर्णय आपोआप झाला असे समजावे. वेळ निघाला आणि पहिला कुत्रा शांत झाला, तर दुसऱ्याची गरज नव्हती हेही कळून येईल. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० साली झाला. त्यात सदैव साखळीला बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा मानलेला आहे. कायद्याने ज्याला क्रौर्य म्हटले ते पुष्कळ सुखवस्तू घरांत केवळ सवयीने चालते, आणि त्यावर उपाय म्हणून दुसरे जनावर त्याच साखळीच्या शेजारी आणून बांधले जाते.

दुसरी वाट दयेची. आषाढातल्या पावसात दाराशी भिजलेले पिलू येते, मुले त्याला टॉवेलात गुंडाळतात, आणि ‘आजची रात्र राहू दे’ या वाक्याने दहा वर्षांचा करार होऊन जातो. या दयेला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती नसती तर माणसाचे जगणे फार रुक्ष झाले असते. तथापि दयेलाही थोडी माहिती लागते. सुमारे आठ आठवड्यांपर्यंत पिलाने आईपाशी व भावंडांत राहणे इष्ट असते. जवळपास आई असताना उचललेले पिलू वाचविलेले नसते, तोडलेले असते. शिवाय पिलासोबत जंत, गोचीड आणि कधी पार्व्होसारखा प्राणघातक विषाणू घरात येतो. नव्या पिलाला पशुवैद्याकडे दाखवून काही दिवस वेगळे ठेवावे लागते, आणि घरातल्या कुत्र्याच्या लसी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात. हे न करता दोघांना एका ताटलीवर सोडणे म्हणजे एकावर दया करताना दुसऱ्याचा जीव पणाला लावणे होय.

तिसरी वाट वार्धक्याची. पहिला कुत्रा म्हातारा झालेला असतो, त्याचे मागचे पाय लटपटू लागलेले असतात, आणि तो गेल्यावर घर सुने होऊ नये म्हणून त्याच्या हयातीतच दुसरा आणण्याची इच्छा होते. ही इच्छा अत्यंत मानवी आहे. मात्र ती माणसाच्या दुःखावरची तजवीज आहे, कुत्र्याच्या सुखाची नव्हे, एवढे भान ठेवावयास हवे. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या जनावराच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारे पिलू त्याला सोबत वाटत नाही. त्याला स्वस्थपणे निजण्याची जागा आणि स्वतंत्र ताट मिळणार असेल तरच ही वाट निर्दोष ठरते.

चौथी वाट पुण्या-मुंबईहून येते. नोकरीच्या गावी मुलाने हौसेने कुत्रा घेतलेला असतो. पुढे बदली होते, परदेशी जाण्याचा योग येतो किंवा घरात पाळणा हलतो, आणि ‘गावी जागा मोकळी आहे’ म्हणून तो कुत्रा साताऱ्याला किंवा इस्लामपूरला पाठविला जातो. गावी आई-वडील असतात, त्यांच्या दारात त्यांचा एक कुत्रा असतो, आणि सत्तरीतल्या वडिलांच्या हातात दुसरी साखळी येते. त्यांना कोणी विचारलेले नसते. मुलाचे म्हणून ते नाहीही म्हणत नाहीत. घर मोठे असले म्हणून त्यातील माणसांचे बळही मोठे असते असे नाही. दोन तरण्या कुत्र्यांच्या ओढीत म्हातारा माणूस रस्त्यात पडला, तर त्या घराचे सारे गणितच कोलमडते.

माहुलीची समाधी

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. तेथील मंदिरे आणि राजघराण्यातील समाध्या पाहावयास जाणाऱ्याला एका कुत्र्याची समाधीही दाखविली जाते. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची ती समाधी, असे परंपरा सांगते. शिकारीच्या वेळी वाघाची चाहूल देऊन या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचविले, आणि महाराजांनी कृतज्ञतेने त्याला पालखीचा मान व जहागीर दिली, अशी आख्यायिका आहे. थोरल्या शाहूंचे निधन १७४९ साली झाले, म्हणजे या गोष्टीला पावणेतीनशे वर्षे उलटली. तरीही सातारकर ती आवडीने सांगतात.

कुत्र्याला जहागीर या कल्पनेचे आज हसू येते. वास्तविक त्या आख्यायिकेतील शहाणपणाची गोष्ट तीच आहे. पालखी हा प्रेमाचा उमाळा झाला; जहागीर ही तरतूद. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या उद्याच्या अन्नाची, सेवकाची आणि निवाऱ्याची सोय आजच लावून ठेवावयाची असते, हे त्या गोष्टीने सांगितले. आजच्या घरांत कुत्र्याला पालखी मिळते. त्याचा वाढदिवस होतो, छायाचित्रे काढली जातात, त्याच्यासाठी स्वेटर येतो. तरतुदीचे काय? वीस किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे हजार कॅलरींचा आहार लागतो, म्हणजे बैठे काम करणाऱ्या माणसाच्या निम्मा. दुधात कुस्करलेली शिळी भाकरी रोज घातल्याने ती गरज भागत नाही. त्यावर दरवर्षीची लस, जंताचे औषध, गोचिडीचा बंदोबस्त आणि अवचित येणारे आजारपण. दुसरा कुत्रा आला की अन्नाचा खर्च दुप्पट होतो. आजारपणाचा पुष्कळदा त्याहून अधिक, कारण एकाचा संसर्ग दुसऱ्यास होतो. मध्यमवर्गीय घराने महिन्याचे अंदाजपत्रक मांडताना हा खर्च कोणत्या रकान्यातून काढणार, हे आधी लिहून पाहिले तर निम्मे प्रश्न तेथेच सुटतील.

जेथे दोन कुत्रे हवेतच

दोन कुत्रे पाळणे ही शहरी हौस आहे, असा सरसकट समज करून घेणे चूक होईल. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांतील मेंढपाळाला एका कुत्र्याने भागत नाही. रात्री रानात बसविलेल्या कळपाला लांडग्यापासून राखावयाचे तर एक कुत्रा एका अंगाला आणि दुसरा दुसऱ्या अंगाला असावा लागतो. एकाला दुखापत झाली तर राखण थांबून चालत नाही. तेथे दुसऱ्या कुत्र्याला काम आहे, रोजची दहा-पंधरा किलोमीटरची चाल आहे आणि कळपाच्या संसारात त्याचे स्थान ठरलेले आहे. तो का आणला, हे कोणाला विचारावे लागत नाही. शहरातील सदनिकेत येणाऱ्या कुत्र्याला यांतील काहीच मिळत नाही. त्याचा सारा दिवस धन्याच्या सवडीवर अवलंबून असतो, म्हणून तेथे हा प्रश्न विचारावाच लागतो.

शिराळा, पाटण आणि कराड या पट्ट्यात प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चांदोलीचे अभयारण्य २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्या जंगलाच्या पायथ्याशी उसाची शेती आहे आणि उसात बिबट्याचा वावर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. त्याच्या भक्ष्यात वजनाच्या हिशोबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व मोकाट कुत्र्यांचा असल्याचे त्यांना आढळले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा बोध साधा आहे. वस्तीच्या कडेला रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा राखण करीत नाही. तो बिबट्याला आवतण देतो. असा एक कुत्रा नेला म्हणून तेथेच दुसरा आणून बांधणे म्हणजे ते आवतण पुन्हा धाडणे होय. ज्या शेतकऱ्याने रात्रीसाठी बंद खोपी केलेली नाही त्याने दुसऱ्या कुत्र्याचा विचारच करू नये. पहिल्यासाठी खोपी करावी.

पुराच्या रात्रीची कसोटी

सांगलीत या प्रश्नाची खरी कसोटी पाऊस घेतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ चा अनुभव गाठीशी असलेल्यांचेही अंदाज चुकले, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा महापूर आला. त्या दिवसांत बोटीतील एकेका जागेला काय मोल होते हे नदीकाठच्या माणसाला सांगावयास नको. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. अशा बोटीत कुत्र्याला घ्यावे की नाही हा प्रश्न भावनेचा राहत नाही.

एक कुत्रा काखेत घेऊन माणूस बोटीत चढू शकतो. दोन घेऊन, आणि सोबत म्हातारी आई व लहान मूल असताना, चढू शकत नाही. मग एकाची साखळी सोडावी लागते. घाईत तीही सोडावयाची राहिली तर बांधलेल्या जनावरास पोहण्याची संधीही मिळत नाही. उलट कुत्रा सोडवत नाही म्हणून माणसे घर सोडण्यास विलंब लावतात आणि बचाव पथकाचे काम अधिक अवघड होते. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना वादळाच्या वेळी हेच घडले. पाळीव जनावरे मागे टाकावयास नकार देऊन कित्येक लोक बुडत्या घरांत थांबले. त्यातून धडा घेऊन २००६ साली तेथे कायदा झाला आणि आपत्कालीन स्थलांतराच्या योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार करणे राज्यांना व स्थानिक शासनांना भाग पडले. कुत्र्याला वाचविणे हा माणसाला वाचविण्याचाच एक भाग आहे, हे तेथे विलंबाने का होईना, मान्य झाले.

पूररेषेत राहणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच दुसरा कुत्रा आणण्यापूर्वी एक नाव निश्चित करावे. पाणी ४० फुटांवर जाताच दोन्ही कुत्रे ज्याच्या घरी नेऊन ठेवता येतील अशा, उंचावर राहणाऱ्या नातेवाईकाचे किंवा मित्राचे नाव. त्या माणसाला आधी विचारलेले असावे आणि त्याने होकार दिलेला असावा. असे नाव सुचत नसेल तर दुसऱ्या कुत्र्याची वेळ अद्याप आलेली नाही.

घरातला निर्णय, गावाचा प्रश्न

इतका वेळ हा प्रश्न घराच्या उंबरठ्याआत पाहिला. परंतु त्याचे परिणाम उंबरठ्यावर थांबत नाहीत. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि ती सामान्यतः वर्षातून दोनदा माजावर येते. ‘जोडी असावी’ म्हणून नर आणि मादी आणली आणि शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली की वर्षाच्या आत पाच-सहा पिले अंगणात खेळू लागतात. दोन-तीन ओळखीचे लोक नेतात. उरलेली एखाद्या संध्याकाळी बाजाराच्या कडेला किंवा महामार्गावरच्या धाब्यामागे सोडली जातात. तेथे अन्न मिळेल, असे मनाचे समाधान करून घेतले जाते. वर्षभराने तीच टोळी शाळेच्या वाटेवर उभी राहते, आणि नगरपालिका काय करते आहे, असा सवाल करणाऱ्यांत पिले सोडणारा गृहस्थही असतो.

कायद्याची स्थिती या बाबतीत विचित्र राहिली. जनावर वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० च्या अधिनियमाने गुन्हा ठरविला, परंतु पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला दहा ते पन्नास रुपयांचा. त्या काळी या रकमेला काही अर्थ होता; पुढील सहा दशके ती तशीच राहिली. केंद्राने दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला तोही २०२२ साली. प्राणी जननदर नियंत्रण नियम २००१ साली प्रथम आले आणि २०२३ साली नव्याने लागू झाले. त्यांत पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनिर्मूलन व निर्बीजीकरण ही जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नियम स्पष्ट आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहणारा डोळा मात्र क्वचित असतो.

रेबीजचे गणित याहून कठोर आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुतेक नेहमी प्राणघातकच ठरतो, आणि माणसाला तो होतो तो प्रामुख्याने कुत्र्याच्या चाव्यातून. चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे हाच माणसाच्या हाती असलेला उपाय आहे. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू २०३० पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात ठेवले. शेजारच्या गोव्याने याच मार्गाने जाऊन २०२१ साली राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित केले. तेथे लस टोचणारी पथके गल्लोगल्ली फिरली. रस्त्यावरचे कुत्रे आणि घरचे कुत्रे असा भेद त्यांनी केला नाही. ज्या घरात दोन कुत्रे आहेत आणि लस एकालाच दिलेली आहे, त्या घराने ५० टक्के गुण मिळविले. उत्तीर्ण होण्यास ७० लागतात.

नगरपालिकांचे काम

नागरिकांकडून एवढी अपेक्षा करावयाची तर स्थानिक संस्थांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ज्या १९४९ च्या अधिनियमाखाली चालते, त्यात कुत्र्यांवर कर बसविण्याचा अधिकार पूर्वीपासून आहे. या अधिकाराचा उपयोग चार पैसे मिळविण्यासाठी करू नये, नोंदीसाठी करावा. निर्बीजीकरण व लसीकरण झालेल्या कुत्र्याची नोंद विनामूल्य व्हावी आणि न झालेल्याची महाग असावी. असे केल्यास शहरात पाळीव कुत्रे किती, कोणाचे आणि कोणत्या स्थितीत आहेत हे कळेल, आणि सोडून दिलेल्या कुत्र्याचा धनीही शोधता येईल. साताऱ्याच्या नगर परिषदेनेही याच धर्तीवर विचार करावयास हरकत नाही.

दत्तक देण्याची पद्धतही अशीच नेटकी असावी. कुत्रा देताना शस्त्रक्रिया व पहिली लस झालेली असावी, अर्जदाराच्या घरी आधी कुत्रा असल्यास त्याचे लसीचे कार्ड पाहिले जावे, आणि दोन्ही कुत्र्यांची गाठ आधी तिऱ्हाईत मोकळ्या जागी घालून दिली जावी. घरातला कुत्रा आपल्या दारात परक्याला सहजी स्वीकारत नाही. बाहेर ओळख झाली की पुढचे पुष्कळ तंटे टळतात. सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा संस्थेतील अध्यापकांचे मार्गदर्शन आणि विद्यार्थ्यांचे हात या कामास मिळाले, तर विद्यार्थ्यांना अनुभव लाभेल आणि पालिकांचा भार हलका होईल. पूरग्रस्तांसाठी काढल्या जाणाऱ्या छावण्यांत गुरांची सोय होते, तशी कुत्र्यांसाठीही एक आडोसा राखून ठेवणे फार खर्चाचे नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. इतक्या अटी घातल्या तर दुसरा कुत्रा कोणीच घेणार नाही आणि ते बिचारे जीव रस्त्यावरच राहतील, असा तो आक्षेप. परंतु दोन वर्षे घरात वाढवून मग सोडलेल्या कुत्र्याची अवस्था रस्त्यावरच जन्मलेल्या कुत्र्याहून वाईट होते. वाहने चुकविणे, अन्न शोधणे, दुसऱ्या टोळीला टाळणे हे त्याला शिकावयास मिळालेले नसते. शिवाय दत्तक घेणे आणि पाठ फिरविणे यांच्यामध्ये तिसरा मार्गही आहे. गल्लीतील एका कुत्रीच्या शस्त्रक्रियेसाठी पुढाकार घेणे, तिला दरवर्षी लस मिळेल हे पाहणे, ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी अन्न ठेवून जागा स्वच्छ करणे, एवढे चार शेजाऱ्यांनी मिळून केले तरी तो मोठा उपकार होतो. दुसऱ्या कुत्र्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस निर्दय ठरत नाही. नीट विचार करून नाही म्हणणारा हा पुष्कळदा न विचारता हो म्हणणाऱ्याहून अधिक दयाळू असतो.

याचा अर्थ दुसरा कुत्रा आणूच नये असा नव्हे. पहिला कुत्रा निरोगी आहे, दोन-तीन वर्षांचा होऊन स्थिरावला आहे, हाकेला येतो आहे, घरातील सर्व मोठ्या माणसांची संमती आहे, दोघांच्या शस्त्रक्रिया व लसी होणार आहेत, दोन ताटे आणि निजण्याच्या दोन जागा आहेत, आणि धनी आजारी पडला किंवा नदी चढली तर काय करावयाचे हे ठरलेले आहे. अशा घरात दुसरा कुत्रा हा आनंदाचाच विषय आहे. तेथे पैसे मोजून परदेशी जातीचे पिलू आणण्यापेक्षा गल्लीतले देशी पिलू आणणे सर्वथैव श्रेयस्कर. सांगलीचा उन्हाळा आणि साताऱ्याचा पाऊस त्याला शिकवावा लागत नाही, आणि रस्त्यावरचा एक जीव कमी होतो. दोन कुत्रे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून दुपारच्या सावलीत निजलेले पाहणे हे घराच्या स्वास्थ्याचे सुंदर दृश्य आहे. ते पाहण्याचा हक्क ज्याने त्याने कमवावयाचा असतो.

न्यायालयाच्या तरतुदीप्रमाणे अर्ज पालिकेकडे करावयाचा आहे. परंतु त्या अर्जाची छाननी कोणत्याही अधिकाऱ्याने करण्यापूर्वी ज्याने त्याने आपल्या अंगणात करावी. पहिल्या कुत्र्याकडे एकदा नीट पाहावे. त्याच्या भांड्यात स्वच्छ पाणी आहे का, गळ्याभोवती पट्ट्याचा घट्टा पडला आहे का, लसीच्या कार्डावरील शेवटची तारीख कोणती, संध्याकाळी दार उघडले की तो फिरावयास निघण्याच्या आशेने उठतो की आशा सोडून पडून राहतो, हे पाहावे. दुसऱ्या कुत्र्यासाठी केलेल्या अर्जाचे उत्तर पहिल्याच्या अंगावर लिहिलेले असते.